संशोधक, स्वयंसेवक आणि देणगीदार यांना जोडणारं मराठी संकेतस्थळ: सुरुवात सिकलसेलपासून करावी का?

पळसफूल

नमस्कार मंडळी,

नागपुरात आम्ही काही जण मिळून एक संकेतस्थळ उभं करायच्या विचारात आहोत. वैद्यकीय संशोधन करणारे, त्यात भाग घ्यायची तयारी असलेले आणि त्यासाठी पैसा देऊ इच्छिणारे, हे तिघं एकमेकांना सापडावेत एवढाच हेतू. सगळं मराठीत. पहिला आजार सिकलसेल. काम अजून कागदावर आहे. कोड लिहायला बसण्याआधी इथल्या लोकांची मतं हवी आहेत, कारण इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, सीए आहेत आणि मुख्य म्हणजे हा आजार घरात असलेली माणसं आहेत.

सिकलसेलच का, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तिकडे नंदुरबार. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आनुवंशिक आजार आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी होते आहे. पण तपासणीत सापडलेल्या माणसाला पुढे काय द्यायचं, याचं ज्ञान बरंचसं बाहेरून आलेलं आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधामुळे दुखण्याचे झटके कमी होतात हे दाखवणारा मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. तो उत्तर अमेरिकेतला, तिथल्या रुग्णांवरचा. आपल्याकडे सिकलचं जनुक बहुतेक वेळा 'अरब-भारतीय' प्रकारच्या जनुकीय पार्श्वभूमीवर येतं. गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, म्हणून आजाराची चालही वेगळी असू शकते. किती डोस, कोणाला, कोणत्या वयापासून, याची नेमकी उत्तरं इथल्या लोकांच्या सहभागाशिवाय मिळणार नाहीत.

आज एखाद्याला भाग घ्यायचा असेल तर तो शोधणार कुठे? भारतात चालणाऱ्या ट्रायल्सची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषध-उपचारांच्या चाचण्यांची, सार्वजनिक नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या संस्थेत ती जुलै २००७ पासून चालते. २००९ पासून औषधांच्या ट्रायल्सची नोंद सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याच्या आधीच नोंद झालेली असावी लागते. अभ्यासाचा हेतू, निकष, केंद्रं, मुख्य संशोधकाचा संपर्क, सहभागींचं हित जपायला अभ्यास तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी, सगळं तिथे असतं. पण इंग्रजीत, आणि तेही संशोधकांनी संशोधकांसाठी लिहिलेल्या इंग्रजीत. गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या बारावी झालेल्या मुलीला त्यातून स्वतःपुरतं काही शोधता येणं कठीण आहे.

आमच्यासमोर नमुना आहे अमेरिकेतल्या रीसर्चमॅचचा. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तो २००९ साली सुरू केला, पैसा एनआयएच या सरकारी संस्थेचा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे संशोधकाच्या हाती यादी पडतच नाही. त्याला नाव-पत्ता काढून टाकलेल्या नोंदी दिसतात. निकषात बसणाऱ्यांसाठी तो निरोप लिहितो, तोही मंजूर झालेल्या मजकुराचाच, आणि तो पोचवते यंत्रणा. समोरच्याने 'हो' म्हटलं तरच त्याचं नाव आणि फोन संशोधकाकडे जातो. 'नाही' म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर तो माणूस कोण होता हे संशोधकाला कळत नाही.

आम्ही अडलो आहोत ते असं. हीच रचना स्मार्टफोन नसलेल्या किंवा घरात मिळून एकच फोन असलेल्या माणसापर्यंत कशी न्यायची? माहिती सांभाळायची कायदेशीर जबाबदारी नेमकी काय? आणि देणगीदारांना याच जागेवर आणावं की नाही? शेवटच्या प्रश्नावर आमच्यातच एकमत नाही.

ओपीडी_तीन

पळसफूल, मनापासून पाठिंबा. मी विदर्भातल्या एका शासकीय मेडिकल कॉलेजात आहे, ट्रायल्समध्ये सहसंशोधक म्हणून काम केलं आहे. पुरेसे सहभागी न मिळाल्याने अभ्यास रेंगाळतात, काही मध्येच बंद होतात. लोक म्हणतात संशोधकांचं नुकसान झालं. मला जास्त लागतं ते आधीच भाग घेतलेल्यांचं. त्यांनी रक्त दिलं, दिवस मोडले, आणि ज्या प्रश्नासाठी दिले तो तसाच राहिला.

एक गोष्ट आत्ताच पक्की करा. एखाद्या ट्रायलबद्दल तुम्ही 'सहभागी हवेत' असं लिहिलंत की ती भरतीची जाहिरात झाली, आणि तिचा मजकूर त्या ट्रायलच्या एथिक्स कमिटीने मंजूर केलेला हवा. तो मराठीत असेल तर मराठीतला मजकूरच कमिटीपुढे गेला पाहिजे. म्हणजे सीटीआरआयवरची नोंद घेऊन उत्साहाने आपल्या शब्दांत मांडायची, हे चालणार नाही. मुख्य संशोधकाला सोबत घ्यावंच लागेल. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे कमिटीत किमान सात जण लागतात. त्यात वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती, एक कायदा जाणणारी आणि किमान एक स्त्री असावी लागते, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. त्या सामान्य व्यक्तीला तुमचा मजकूर एका वाचनात कळला पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. रुग्णाला वाटतं ट्रायल म्हणजे नवीन आणि म्हणून जास्त चांगला उपचार. डॉक्टरने सांगितलं की मान डोलावली जाते, पण मनात तेच राहतं. सिकलसेलमधलंच उदाहरण घ्या. व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते घेतल्यावर हिमोग्लोबिन वाढतं हे अभ्यासात दिसलं होतं. पुढच्या अभ्यासांत औषध घेणाऱ्यांमध्ये दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण चिंता वाटावी असं दिसलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. हे कळलं तेही भाग घेणाऱ्यांमुळेच. नाहीतर ते औषध अजून लिहून दिलं जात असतं. तेव्हा तुमच्या पानावर 'मोफत उपचार' हे शब्द ठळक नकोत. वरच्या ओळीतच लिहा की याचं उत्तर अजून कोणाला माहीत नाही, म्हणूनच अभ्यास आहे. औषधाऐवजी निष्क्रिय गोळीही वाट्याला येऊ शकते. आणि नकार दिलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. हे तिसरं वाक्य सरकारी दवाखान्यातल्या रुग्णासाठी फार महत्त्वाचं असतं.

कोजागिरी

+१. खूप गरजेचा धागा. एक शंका: भाग घेणाऱ्याला पैसे मिळतात का? आमच्या ओळखीत एक मुलगा गुजरातेत जाऊन गोळ्यांच्या चाचण्या करून यायचा, त्यावरच खर्च भागवायचा.

ओपीडी_तीन

कोजागिरी, तो प्रकार वेगळा. जेनेरिक औषध मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं का हे तपासायला निरोगी माणसं घेतात, आणि त्यांना वेळेचा मोबदला मिळतो. काही जण एकात संपलं की लगेच दुसऱ्यात जातात. त्यात त्यांनाही धोका आणि अभ्यासाचे आकडेही बिघडतात. रुग्णांच्या अभ्यासात प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, जेवण देता येतं, पण रक्कम इतकी नको की केवळ तिच्यासाठी माणूस धोका पत्करेल. हेही कमिटीच ठरवते. आणि उलट बाजूने, संशोधनात भाग घेण्यासाठी सहभागीकडून पैसे घ्यायचे नाहीत असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. जो कोणी 'ट्रायल आहे, एवढे लाख भरा' म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. तुमच्या संकेतस्थळावर हे वाक्य प्रत्येक पानावर असू द्या.

रानपाखरू

मी गडचिरोली जिल्ह्यातली. धाकटा भाऊ एसएस आहे, म्हणजे त्याला आजार आहे. मी एएस, म्हणजे नुसती वाहक. सगळं वाचलं. तुम्ही लोक चांगल्या मनाने करता आहात म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आमच्याकडे रक्त घ्यायला माणसं येतात. शाळेत घेतलं, आश्रमशाळेत घेतलं, कॉलेजात घेतलं. काही तपासणीसाठी होतं, काही कोणाच्या अभ्यासासाठी. कोणतं कशासाठी होतं हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. नंतर कोणी परत येऊन 'तुमच्या रक्तातून आम्हाला हे कळलं' असं सांगितलेलं मला आठवत नाही. माझ्या आईचा राग सुईवर नाही. ती म्हणते, आपल्या घरचं नेलं, मग काय झालं ते सांगायला यायला नको का?

लपवण्याचा मुद्दा तुम्ही धरला ते बरं केलं, पण तो तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. भावाचं नाव बाहेर फुटलं तर माझंही फुटतं. वाहक माणूस आजारी नसतो हे मी शंभरदा सांगू शकते, पण सोयरिकीच्या बोलण्यात सिकलसेल तपासणीच्या कार्डाचा रंग विचारतात आणि पुढचं कोणी ऐकून घेत नाही. म्हणजे एकाने 'हो' म्हटलं की सगळ्या बहीणभावंडांची माहिती त्यात जाते. हे तुमच्या संमतीच्या पानावर लिहिणार आहात का?

फोन घरात एकच असतो आणि तो बहुतेक वेळा वडिलांकडे किंवा मोठ्या भावाकडे. 'सिकलसेल अभ्यासासाठी निरोप' असं पडद्यावर आलं की संपलं. निरोपात आजाराचं नाव नको, दवाखान्याचं नाव नको. 'आशाताईंना भेटा' एवढंच पुरे. आमच्या गावात आशाताईंकडे जाण्याला शंभर कारणं असतात, कोणी विचारत नाही.

आणि प्रवासखर्च नंतर मिळेल असं म्हणू नका. नागपूरला जायचं तर एसटीचे पैसे आधी हातात लागतात. सोबत एक माणूस लागतो, त्याची मजुरी जाते. भावाला क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका आला की तो चार-चार दिवस उठत नाही, तेव्हा ठरलेल्या तारखेला येणं जमत नाही. त्यासाठी त्याला कोणी रागावू नये.

पळसफूल

रानपाखरू ताई, निरोपाचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. लिहून घेतला. कुटुंबाच्या माहितीबद्दलही. आणखी लिहीत राहा, प्लीज.

कलम_एकवीस

वकील आहे, माहिती-संरक्षणाचं काम करते. रानपाखरू यांनी जे लिहिलं त्याचा बराच भाग कायद्यात बसतो, तो सांगते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झालेले त्याचे नियम, हे तुमच्या कामाचा पाया धरा. दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. म्हणजे नोंदणी एका बटणावर आणि नाव काढायचं तर ईमेल लिहा, असं करता येणार नाही. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, त्यामुळे मराठीचा आग्रह हा वाचकाचा हक्कच आहे. गोंडी अनुसूचीत नाही. पण नियमात नाही म्हणून तुम्ही थांबू नका, ध्वनिमुद्रण करून ठेवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि सिकलसेलचे बरेच रुग्ण त्याच वयात कळतात.

इथे एक जुनी गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लशीचा प्रकल्प झाला, १० ते १४ वर्षांच्या मुलींवर. खम्मममध्ये मोठ्या प्रमाणात संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीची पद्धत इतकी सदोष होती की २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. लस चांगली असूनही तिच्याबद्दलचा अविश्वास पुढे कित्येक वर्षं टिकला. आश्रमशाळा तुमच्या कामाच्या टप्प्यात येणारच आहेत. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती, असं कोणी सुचवलं तर तिथेच 'नाही' म्हणा.

आणि एक प्रश्न. संकेतस्थळ बंद पडलं किंवा कोणी विकत घेतलं तर त्या नोंदींचं काय होणार? पेशंट्सलाइकमी हे अमेरिकेतलं रुग्णांचं मोठं संकेतस्थळ. एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा मज्जातंतूंचा आजार झालेल्या एका तरुणाच्या भावांनी ते २००४ साली उभं केलं होतं. लिथियमने एएलएसची वाढ मंदावते असा गवगवा झाल्यावर तिथल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०११ मध्ये दाखवता आलं की तसा काही परिणाम दिसत नाही. इतकं चांगलं काम. २०१९ साली ते युनायटेडहेल्थ ग्रुपने विकत घेतलं, ज्यांचा मूळ धंदाच आरोग्य विम्याचा. तेवीस-अँड-मी ही जनुकीय तपासणीची कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांच्या जनुकीय नोंदी विक्रीला ठेवलेल्या मालमत्तेचा भाग होत्या. तुम्ही नोंदणीच्या पहिल्या पानावरच लिहा: संस्था बंद झाली तर माहिती पुसली जाईल, हस्तांतरित होणार नाही. आणि ट्रस्टच्या घटनेतही घाला, नाहीतर त्या वाक्याला आधार नाही.

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि ती तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली गेली. त्यातून लशीचा गुण कळला, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण तुरुंगातल्या माणसाला 'नको' म्हणायला कितपत मोकळीक होती? ओपीडी_तीन यांनी नकाराचं जे वाक्य वर लिहिलं आहे, त्याचं महत्त्व इथे कळतं.

सह्यकडा

सगळं पटतंय, पण धागा पैशाला हात लावत नाहीये. देणगीदारांना बाजूला ठेवलंत तर हे दोन वर्षांत बंद पडेल. २०१४ चं आइस बकेट चॅलेंज आठवा, लोक बर्फाचं पाणी अंगावर ओतून घेत होते ते. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे साडेअकरा कोटी डॉलर जमले, त्यातला काही भाग गेलेल्या संशोधनातून २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा एएलएसशी संबंध पुढे आला. सामान्य माणसाच्या लहान देणगीतून विज्ञान पुढे गेलं. मराठी माणूस देवळाला देतो, शाळेला देतो, संशोधनाला देत नाही कारण त्याच्यापुढे कोणी ते ठेवतच नाही. प्रत्येक प्रकल्पाचं पान करा, किती हवेत, किती जमले ते दाखवा. लोक देतील.

मोगरा_न्यूजर्सी

सह्यकडा, मी इथे रीसर्चमॅचवर नाव नोंदवलं आहे, निरोगी स्वयंसेवक म्हणून. अधूनमधून निरोप येतात. बहुतेकांना 'नाही' म्हणते, कधी अंतर लांब असतं, कधी नुसतं मन होत नाही. कोणी मागे लागत नाही, कारण विचारत नाही. त्यामुळेच ज्या अभ्यासाला 'हो' म्हटलं तिथे मी शांत मनाने गेले. पैसे कोणी दिले आहेत याचा त्या पानाशी काही संबंध नसतो, आणि मला ते बरोबर वाटतं.

देणगीबद्दल इथलं एक वास्तव सांगते. अमेरिकेत सिकलसेलचे साधारण १ लाख रुग्ण आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय. सिस्टिक फायब्रोसिस हा दुसरा आनुवंशिक आजार, त्याचे रुग्ण याच्या निम्म्याहून कमी, बहुतेक गोरे. पण खासगी देणग्यांचा ओघ सिस्टिक फायब्रोसिसकडे कितीतरी पटींनी जास्त राहिला आहे. त्यांच्या फाउंडेशनने औषध कंपनीला संशोधनासाठी पैसा दिला, त्यातून २०१२ मध्ये आयव्हाकाफ्टर हे औषध आलं, आणि २०१४ मध्ये त्या औषधावरचे रॉयल्टीचे हक्क ३३० कोटी डॉलरना विकून फाउंडेशनने तो पैसा पुन्हा कामात घातला. अतिशय कौतुकाची गोष्ट आहे. पण ज्यांच्या ओळखीत, नात्यात पैसेवाले आहेत, त्यांच्याच आजाराला हे जमलं. प्रकल्पांची पानं मांडून 'लोक देतील' म्हटलंत तर लोक देतील ते गोड फोटो असलेल्या मुलाच्या पानाला. आश्रमशाळेतल्या मुलाचा फोटो तर तुम्ही लावणारच नाही आहात.

जमाखर्च

सीए आहे. परदेशी पैशाचं गणित सांगतो, कारण मोगरा यांच्यासारखे अनेक जण विचारतील.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड असलेल्याची धरली जाते, मग तो कितीही पुण्याचा असो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे तुमच्या संकेतस्थळाने जमवायचे आणि मेडिकल कॉलेजांना वाटायचे, हा मार्गच बंद आहे. देशातला पैसा वाटता येईल, पण करसवलतीची पावती देणार कोण, हिशोब कोणाचा, लेखापरीक्षण कोणाचं, यातच तुमची सगळी शक्ती जाईल.

माझा सल्ला: संकेतस्थळाने एक रुपयाही हातात घेऊ नये. ज्या संस्थेत संशोधन चालतं तिच्या स्वतःच्या खात्याकडे देणगीदाराला पाठवा, पावती तीच देईल. तुमचा सर्व्हर आणि माणसांचा खर्च वेगळा मागा, उघडपणे, आणि दर तिमाहीला तो पानावर टाका. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चात, आरोग्य आणि संशोधन दोन्ही बसतात, तिथे प्रयत्न करता येईल.

ओपीडी_तीन

जमाखर्च यांच्याशी सहमत, आणि कारण फक्त हिशोबाचं नाही. आमच्याकडे एका वडिलांनी हात जोडून विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, विभागाला देणगी दिली तर मुलाचा नंबर लागेल का?" तो माणूस वाईट नव्हता, मुलासाठी रडकुंडीला आला होता. स्वयंसेवकांची यादी आणि देणगीची पावती एकाच पडद्यावर आली की प्रत्येक आईबापाच्या मनात हाच प्रश्न येणार. निवड निकषांवर आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने व्हायला हवी, तरच अभ्यासाला अर्थ आहे.

पण सह्यकडा यांचं म्हणणंही सोडून द्यायला नको. रानपाखरू यांनी आगाऊ प्रवासखर्चाचं लिहिलं, त्याला सरकारी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जागा नसते किंवा पैसे सहा महिन्यांनी येतात. देणगीदारांना हे मागा. औषधासाठी, विशिष्ट प्रकल्पासाठी नको. येण्याजाण्याचा, सोबतच्या माणसाच्या मजुरीचा, मुक्कामाचा निधी, संस्थेच्या खात्यात. रक्कम कमिटीने ठरवलेली. देणारा कोण हे सहभागीला कळणार नाही आणि सहभागी कोण हे देणाऱ्याला.

सह्यकडा

हे मान्य. माझा आग्रह प्रकल्पाच्या पानांचा होता, तो मागे घेतो. पण प्रवास निधीचं पान तरी ठळक असू द्या. 'एवढ्या रुपयांत एका माणसाची गडचिरोली-नागपूर फेरी' असं लिहिलं तर देणाऱ्याला नेमकं कळतं आपण काय केलं.

भीमाकाठ

रानपाखरूंच्या आईंचा प्रश्न माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात लोकांनी संशोधकांना वर्षानुवर्षं साथ दिल्याची उदाहरणं आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेली मुलं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, आणि त्यातून पुढच्या मधुमेहाचा धागा हाती लागला. ती मुलं आता स्वतः आईबाप व्हायच्या वयाची आहेत आणि अभ्यास चालूच आहे. एका फॉर्मवरच्या सहीने इतकी वर्षं लोक येत नाहीत.

गडचिरोलीतच बघा. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८९ मध्ये दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून दाखवलं की ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास आहे. तोवर तो विषय कोणी मोजलाच नव्हता. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, नवजात बाळांच्या मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट झाली, १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. सर्च आदिवासींची आरोग्य संसद भरवते, लोक स्वतः सांगतात कोणत्या आजारावर काम करा. दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं ते लोकांनी सुचवलं म्हणून.

तेव्हा पळसफूल, तुमच्या रचनेत निरोप एकाच दिशेने जातो आहे, संशोधकाकडून माणसाकडे. उलट दिशाही बांधा. संशोधकाला संकेतस्थळावर जागा देतानाच लिहून घ्या की अभ्यास संपल्यावर, निकाल काहीही लागो, एक पानभर मराठी निष्कर्ष तो देईल. दिला नाही तर पुढच्या अभ्यासाला जागा नाही. आणि ज्यांना आजार आहे त्यांनी कोणते प्रश्न विचारले याची यादी संशोधकांना दिसू द्या.

रानपाखरू

भीमाकाठ दादा, हे झालं तर मी स्वतः लोकांना सांगेन की नाव द्या. आमचे प्रश्न लगेच सांगते: क्रायसिस आली की गावातच दुखणं थांबवायला काय करता येईल? हायड्रॉक्सीयुरिया सुरू असताना मूल होऊ द्यायचं का? पावसाळ्यात रस्ता बंद असतो तेव्हा गोळ्यांचा साठा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात का नसतो? शेवटचा संशोधनाचा आहे की नाही मला माहीत नाही, पण भावाच्या जिवाचा तोच आहे.

पळसफूल

सगळ्यांचे आभार. आज आमची बैठक झाली, त्यात हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते लिहितो.

नोंदणी दोन मार्गांनी असेल, फोनवर किंवा आशाताईंमार्फत कागदावर. निरोपात आजाराचं नाव नसेल. इंग्लंडमध्ये डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी, २०१५ पासून जॉइन डिमेन्शिया रीसर्च चालतं, तिथे रुग्णाच्या वतीने घरचं माणूस नाव नोंदवू शकतं. ती सोय आम्ही करायच्या विचारात होतो, पण रानपाखरू ताईंचं वाचून सध्या थांबवली. मोठ्या माणसाची नोंद तो स्वतःच करेल. १८ खालच्यांची नोंदणी पहिल्या टप्प्यात नाही. आश्रमशाळांचा दबाव येण्याआधी आमची पद्धत पक्की व्हायला हवी. पैसे संकेतस्थळ घेणार नाही. प्रवास निधीचं पान असेल आणि ते थेट संस्थेच्या खात्याकडे नेईल. बंद पडल्यास माहिती पुसण्याचं कलम ट्रस्टच्या घटनेत जाईल, मसुदा कलम_एकवीस यांना पाठवतो. निष्कर्षाची अट संशोधकाच्या करारात पहिली असेल. एका संशोधकाशी बोललो तर ते म्हणाले, निकाल प्रसिद्ध व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, त्याआधी सांगता येत नाही. त्यावर तोडगा असा की अभ्यास कुठवर आला हे दर सहा महिन्यांनी दोन ओळींत कळवायचं.

एक प्रश्न उरला. पुढच्या महिन्यात एका निरीक्षणात्मक अभ्यासाचा मराठी मजकूर कमिटीकडे जाणार आहे. त्यात औषध नाही, फक्त क्रायसिसच्या नोंदी आणि रक्ततपासणी. कमिटीकडे पाठवण्याआधी तो गावातल्या लोकांनी वाचावा असं वाटतं. कोण वाचेल?

रानपाखरू

मला पाठवा. आई, भाऊ आणि आमच्या दोन आशाताई वाचतील. एक आशाताई गोंडीत सांगून बघेल, मग कळेल कुठे अडतं ते. मोठा टाइप ठेवा, आणि वाक्यं लहान.

ओपीडी_तीन

मलाही प्रत द्या. आशाताईंनी जिथे खुणा केल्या असतील त्या तशाच ठेवा, पुसून स्वच्छ करू नका. त्या खुणांसकट मजकूर कमिटीपुढे ठेवायची विनंती मी मुख्य संशोधकांना करतो.